फडणीस म्हणजे अर्थमंत्री नव्हे : पेशवाईचे कागद वाचताना या चुका टाळा

पेशवाईवरच्या लेखात ‘फडणीस’ आला की ‘म्हणजे अर्थमंत्री’ असे जोडून मोकळे व्हायची सवय आहे. बहुतेक गफलती इथूनच सुरू होतात.

शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत फडणीस नव्हताच. तिथे जमाखर्च पाहणारा तो मुजुमदार. १६७४च्या राज्याभिषेकात फारसी पदनामे बदलली तेव्हा मुजुमदाराचा अमात्य झाला आणि सुरनिसाचा सचिव. अमात्याचे वेतन सालीना १२,००० होन (सोन्याची नाणी), मुख्य प्रधानाचे १५,०००. या आकड्यांना सरसकट रुपयांनी गुणू नका. होनांचे प्रकार अनेक आणि त्यांचे भावही वेगवेगळे.

फडणीस हा मुळात दफ्तराचा माणूस. रोजकीर्द (रोजचा जमाखर्च), ताळेबंद, येणेबाकी हे सगळे त्याच्या हाताखालच्या कारकुनांकडे. नाना फडणीस राज्य चालवू लागले ते काही पदाच्या नावात तसे लिहिले होते म्हणून नव्हे. ऑगस्ट १७७३मध्ये नारायणरावांचा खून झाला आणि बारभाईंच्या (राज्य सावरणाऱ्या मुत्सद्द्यांच्या गटाच्या) कारभारात सूत्रे हळूहळू त्यांच्याकडे आली. दौलतीत कुठून किती येते, कोणाकडे किती थकले, हे त्यांना आधीपासून ठाऊक होते. त्यामुळे १७६५चा फडणीस आणि १७८५चा फडणीस एकाच मापाने मोजला की चुकतेच.

नावांचा घोळ तर नेहमीचा. नानांचे नाव बाळाजी जनार्दन, आडनाव भानू. नानासाहेब पेशवे म्हणजे बाळाजी बाजीराव, ते वेगळे. मोरोबा हे नानांचे चुलतभाऊ, तेही फडणीसच. त्यातून मोठ्या सरदारांकडे आणि महालोमहाली दरखदारांमध्ये (नेमून दिलेल्या अधिकाऱ्यांमध्ये) आणखी फडणीस असत: दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, चिटणीस, कारखाननीस, जामदार, पोतनीस अशी ती मालिका. हे दरखदार हुजुरातून, म्हणजे सरकारातून, नेमलेले, महालाचा कारभार पाहणाऱ्या मामलेदाराला ते परस्पर काढता येत नसत. त्याच्यावरचा वचक तोच. तेव्हा पत्रात नुसते ‘फडणीस’ दिसले तर आधी निसबत (कोणाच्या पदरचा) आणि गाव पाहा, मग नाव घाला.

आता कागद. नवख्याची तारीख हमखास चुकते, कारण साल अरबी शब्दांत असते. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे १ + ६० + १०० + १००० = ११६१. हे शुहूर साल मृग नक्षत्रापासून, म्हणजे जूनच्या सुमारास, सुरू होते, म्हणून इसवी सन काढायला मृग ते डिसेंबर ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपत याच सालातले: ११६१ + ६०० = १७६१, जानेवारी. ताळा जुळला. घोटाळा होतो तो जुळ्या शब्दांत. सीत ६, सितैन ६०. सबा ७, सबैन ७०. सलास ३, सलासीन ३०. घाईत एक अक्षर सुटले की कागद काही दशकांनी सरकतो. महिने मात्र हिजरी, चांद्र. ‘छ’ पुढचा आकडा त्या चंद्राची तारीख. इथे बेरीज-वजाबाकी चालत नाही, जंत्रीच (तारखांचे कोष्टक) उघडावी लागते.

रकमेत दंड, म्हणजे आकड्यापुढच्या उभ्या रेघा, फसवतात. २५। म्हणजे सव्वापंचवीस, २५॥ साडेपंचवीस, २५॥। पावणेसव्वीस. झिजलेल्या मोडी कागदावर पहिला दंड एकासारखा दिसतो आणि २५।चे २५१ होतात. उलट अक्षरापुढचा ॥ हा अर्धा नसतो, तो शब्द तोडल्याची खूण असतो: मु॥ मुक्काम, नि॥ निसबत, गु॥ गुजारत. गुजारत म्हणजे ज्याच्या हातून रक्कम गेली तो. त्यालाच रक्कम मिळाली असे धरून कितीतरी घराण्यांच्या नावावर न मिळालेली इनामे चढवली जातात.

संशय आला की पानाच्या शेवटची बेरीज स्वतः करून पाहा. फरक मोठा असला तर बहुतेक एखाद्या पावाचा एक झालेला असतो. अर्ध्या-पाव रुपयाचा असला तर दंड गळलेला. फरक तरीही राहिला तर शिक्का पाहा. चांदवडी, अंकुशी, मलकापुरी रुपये वेगवेगळे आणि बट्टा (नाण्याच्या भावातली वजावट) धरूनच बेरजेला येत. तो बट्टा कधी त्याच ओळीत खाली बारीक लिहिलेला असतो, कधी पुढच्या पानावर.