डिस्ट्रक्टर की फायनलायझर: फाईल, लॉक, कनेक्शन नक्की कुठे बंद करायचं

सी प्लस प्लसवरून सी शार्पमध्ये आलेला माणूस क्लासच्या नावाआधी टिल्डे (~) लावतो, त्यात फाईल बंद करायचा कोड टाकतो आणि खूश होतो, कंपायलर पण काही बोलत नाही. मग लोड आला की एरर येतो, फाईल दुसरी प्रोसेस वापरतेय म्हणून, आणि बऱ्याचदा ती दुसरी प्रोसेस म्हणजे आपणच असतो. कारण सी शार्पमधला टिल्डे दिसतो डिस्ट्रक्टरसारखा, म्हणजे ऑब्जेक्ट संपताक्षणी चालणाऱ्या कोडसारखा, पण आत फायनलायझर आहे, म्हणजे ऑब्जेक्ट निकामी झाल्यावर नंतर कधीतरी चालणारा कोड.

सी प्लस प्लसमध्ये स्कोप (व्हेरिएबल जिथवर जिवंत असतं तो ब्लॉक) संपला की डिस्ट्रक्टर तिथल्या तिथे चालतो, आधी बनलेला ऑब्जेक्ट शेवटी जातो, मधेच एक्सेप्शन आलं आणि ते पुढे कुठे पकडलं गेलं तरी चालतो. त्यामुळे लॉक, सॉकेट, फाईल सगळं बिनधास्त तिथेच सोडा. फक्त डिस्ट्रक्टरमधून एक्सेप्शन बाहेर जाऊ देऊ नका, सी प्लस प्लस 11 पासून तसं झालं की प्रोग्रॅम सरळ टर्मिनेट होतो. आणि बेस क्लासच्या पॉइंटरवरून डिलीट करणार असाल तर बेसचा डिस्ट्रक्टर व्हर्च्युअल हवाच. रस्टमध्ये हेच काम ड्रॉप करतो.

आता डॉटनेट, म्हणजे सी शार्प ज्यावर चालतं ते. तिथला गार्बेज कलेक्टर, म्हणजे न लागणारे ऑब्जेक्ट आपोआप काढणारा भाग, मेमरी बघून चालतो, तुमच्या किती फाईली उघड्या आहेत याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. फायनलायझर असलेला ऑब्जेक्ट मेला तरी तो लगेच काढत नाही, आधी रांगेत टाकतो, मग वेगळा थ्रेड फायनलायझर चालवतो आणि मेमरी त्याच्यापुढच्या एखाद्या कलेक्शनला सुटते, तोवर ऑब्जेक्ट जुन्या जनरेशनमध्ये (कमी वेळा तपासल्या जाणाऱ्या गटात) सरकलेला असतो, म्हणजे फायनलायझर रिकामा असला तरी खर्च आहेच. कुणाचा आधी चालेल याची गॅरंटी नाही, त्यामुळे आतून फायनलायझर असलेल्या दुसऱ्या मॅनेज्ड (गार्बेज कलेक्टर सांभाळतो अशा) ऑब्जेक्टला हात लावू नका. डॉटनेट कोरपासून तर प्रोग्रॅम बंद होताना फायनलायझर चालवतच नाहीत.

मग करायचं काय, तर आयडिस्पोझेबल इंटरफेस इम्प्लिमेंट करा, म्हणजे बंद करायचा कोड डिस्पोझ मेथडमध्ये टाका, आणि वापरताना यूझिंग लावा, ब्लॉक संपला की ते डिस्पोझ आपोआप कॉल करतं, बस. ओएसचं कच्चं हँडल असेल तर सेफहँडल या तयार क्लासमध्ये गुंडाळा, स्वतःचा फायनलायझर लिहायची वेळ शक्यतो येऊच देऊ नका. आलीच तर डिस्पोझमध्ये सप्रेसफायनलाइझ (आता फायनलायझर चालवू नको, असं सांगणारा कॉल) करायला विसरू नका, नाहीतर काम झालेला ऑब्जेक्ट पण उगाच त्या रांगेत जातो.

जावात यूझिंगसारखंच काम करणारं ट्राय-विथ-रिसोर्सेस आवृत्ती 7 पासून आहे, तेच वापरा. फायनलाइझ, म्हणजे जावाचा फायनलायझर, 9 मध्ये डेप्रिकेट झालं आणि 18 मध्ये पुढे काढून टाकणार असं जाहीर झालं. त्याजागी क्लीनर आहे, पण त्याला दिलेल्या लॅम्डामध्ये चुकून धिस (त्याच ऑब्जेक्टचा रेफरन्स) अडकलं तर ऑब्जेक्ट कायम जिवंत राहतो आणि क्लीनर कधी चालतच नाही, हे शोधायला जाम त्रास होतो. पायथॉनमध्ये याच कामासाठी विथ. सीपायथॉनमध्ये, म्हणजे नेहमीच्या पायथॉनमध्ये, रेफरन्स काउंट (ऑब्जेक्टकडे किती ठिकाणांहून बोट दाखवलंय तो आकडा) शून्य झाला की डेल मेथड लगेच चालते म्हणून लोक तिच्यावर भरवसा ठेवतात, तोच कोड पायपायवर (पायथॉन चालवणारं दुसरं इंजिन) टाका म्हणजे कळेल, तिथे ती लगेच चालत नाही. गो भाषेत डिफर, फक्त लूपमध्ये जपून, तो फंक्शन संपल्यावर चालतो, लूपचा फेरा संपल्यावर नाही.

फायनलायझरचा एक उपयोग मात्र मला आवडतो. फक्त डीबग बिल्डमध्ये त्यात एक लॉग लाईन टाकायची, की हा ऑब्जेक्ट डिस्पोझ न करताच सोडला, आणि कन्स्ट्रक्टरमध्ये स्टॅक ट्रेस (ऑब्जेक्ट कोडमध्ये कुठून बनला त्याची यादी) साठवून तोही तिथे छापायचा. कुठल्या ओळीवर यूझिंग राहिलं ते लगेच सापडतं.