२२क्यू११.२ डिलिशन: कॅरिओटाइप नॉर्मल आला म्हणून फाईल बंद करू नका

२२क्यू११.२ डिलिशन म्हणजे बाविसाव्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा गळालेला असणं; त्याचा फटका हृदय, टाळू, कॅल्शियम, प्रतिकारशक्ती, मूत्रपिंडं अशा अनेक ठिकाणी बसू शकतो. बाळाला टेट्रालॉजी ऑफ फॅलो (हृदयाचा जन्मजात दोष), कॅरिओटाइप (सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं बघायची तपासणी) ‘४६,एक्सवाय’ म्हणजे मुलाचा नॉर्मल, आणि फाईलवर शेरा: ‘जेनेटिक तपासणी झाली, नॉर्मल’. मुलं निसटतात ती इथेच. या डिलिशनमध्ये बहुतेकांचा गळालेला तुकडा साधारण ३० लाख बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) असतो. कॅरिओटाइपला ५० लाखांच्या खालचं सहसा दिसतच नाही. फिश (चमकणाऱ्या खुणेने तुकडा शोधणारी तपासणी) स्वस्त पडते, पण तिचा प्रोब, म्हणजे ती खूण, ठरलेल्या एकाच जागी चिकटतो. तुकडा त्याच्या पलीकडचा असला की रिपोर्ट पुन्हा नॉर्मल. सरळ मायक्रोअ‍ॅरे (सगळ्या गुणसूत्रांवरचे गळालेले छोटे तुकडे शोधणारी तपासणी) मागवा, परवडत नसेल तर एमएलपीए (या भागातल्या अनेक जागा एकदम तपासणारी). या दोन्हींसाठी रक्त ईडीटीएच्या जांभळ्या नळीत. हेपॅरिनची हिरवी नळी कॅरिओटाइप आणि फिशसाठी. नळ्यांची अदलाबदल झाली की बाळाला उगाच दुसऱ्यांदा टोचावं लागतं.

फाईल बंद झालेल्या मुलाचं पुढे काय होतं? हृदयाचं ऑपरेशन नीट होतं. चौथ्या वर्षी बोलणं नाकातून येतं. तपासणीत अ‍ॅडिनॉइड्स (नाकामागच्या गाठी) वाढलेले दिसतात आणि लगेच काढले जातात. त्यानंतर बोलणं आणखी बिघडतं, दूध नाकातून यायला लागतं. टाळू नीट हलत नव्हता आणि घशामागची फट त्या अ‍ॅडिनॉइड्सनीच बुजवून ठेवली होती. ते काढण्याआधी टॉर्च मारून पडजीभ दुभंगली आहे का ते बघायचं, कठीण टाळूच्या मागच्या कडेला करंगळीने खाच लागते का ते चाचपायचं; या टाळूतल्या छुप्या फटीच्या खुणा. दोन मिनिटांचं काम, पण ऑपरेशनची तारीख घ्यायची घाई असते ना!

नवजात बाळाला झटके आले की आयोनाइज्ड (रक्तातलं मोकळं) कॅल्शियम आणि पीटीएच (कॅल्शियम वाढवणारं पॅराथायरॉइड ग्रंथीचं हार्मोन) एकाच वेळी पाठवा. कॅल्शियम कमी असताना पीटीएच ‘नॉर्मल रेंजमध्ये’ असेल तर ते नॉर्मल नव्हे. ग्रंथी कमी पडतेय. ऑपरेशनच्या आधी-नंतर आणि वयात येताना कॅल्शियम पुन्हा तपासा.

आपल्याकडे बीसीजी आणि तोंडावाटे पोलिओ जन्मतःच देतात. या दोन्ही जिवंत लसी आहेत. डिलिशनची शंका असेल तर त्या थांबवून आधी टी-पेशी (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) मोजा. तोवर रक्त द्यायचं झालं तर इरॅडिएट केलेलंच, म्हणजे किरणांनी दात्याच्या पांढऱ्या पेशी निकामी केलेलं.

चेहरा या डिलिशनच्या मुलांसारखा ‘तसा’ दिसत नाही म्हणून तपासणी टाळू नका. मूत्रपिंडांची सोनोग्राफी विसरू नका.

आई-वडिलांचीही तपासणी करा. दहातल्या साधारण एका मुलात डिलिशन त्यांच्यापैकी एकाकडून आलेलं असतं, आणि तसं निघालं तर प्रत्येक पुढच्या गरोदरपणात शक्यता ५० टक्के.