साल विचारू नका, खूण विचारा

नवी मुंबईच्या मूळ गावांत मुलाखती घेताना "शहरासाठी जमीन कोणत्या साली गेली?" असं विचारलं की समोरचं माणूस अडखळतं, चुकायच्या भीतीने गप्पच होतं. मग पुढची मुलाखतही आखडते.

त्यापेक्षा हे करा:

१. कोऱ्या कागदावर आडवी रेघ ओढा. तीन खुणा मांडा: १९७० सिडकोची (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीची) स्थापना, १९९२ वाशीपर्यंत लोकल, २००५ चा २६ जुलैचा पाऊस.

२. "लोकल आली त्याच्या आधी की नंतर?" एवढंच विचारा. करावे गावात एक मावशी बोंबील निवडता निवडता म्हणाल्या, "लोकल आली तवा धाकटा पाळण्यात होता." मुलाचं वय विचारलं आणि साल आपोआप सापडलं. लग्नं, बाळंतपणं, घराची कौलं काढून स्लॅब टाकला ते वर्ष, या घरच्या खुणा तर सगळ्यात पक्क्या. त्याही रेघेवर लिहा.

३. मग "त्या दिवशी काय झालं, सांगा ना" म्हणा आणि थांबा. मध्ये बोलू नका.

फक्त १९८४ चं उरणजवळच्या जासईचं, जमीन गेलेल्या शेतकऱ्यांचं आंदोलन खूण म्हणून आपण होऊन काढू नका. तिथे गोळीबारात माणसं गेली. समोरच्याच्या घरातलं कुणी असू शकतं.