गीताच्या पहिल्या खर्ड्यावर हात फिरवताना

गीत लिहून झाल्यावर ते लगेच दुरुस्त करायला बसू नये. एक-दोन दिवस बाजूला ठेवून मग ते मोठ्याने, आणि चाल तयार असेल तर गाऊनच वाचावे, कारण कागदावर नीटस दिसणारी ओळ गळ्यात अडखळते ती नेमकी कुठे, हे डोळ्यांना कळत नाही.

पहिला प्रश्न शब्दांचा नसून आशयाचा असतो. हे गीत कोण कोणाला म्हणत आहे आणि त्याला काय सांगायचे आहे, हे एका साध्या वाक्यात लिहून पाहावे. ते वाक्य लिहिता येत नसेल, तर यमके घासूनपुसून काहीच साधणार नाही. ते जमले की मुखड्यात, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या सुरुवातीच्या ओळींत, त्याचा गाभा आला आहे का आणि प्रत्येक अंतरा, म्हणजे पुढचे कडवे, त्यात नवी भर घालतो का, हे तपासावे. दुसरा अंतरा पहिल्याचेच म्हणणे वेगळ्या शब्दांत सांगत असेल, तर तो कितीही आवडता असला तरी काढावा. सुरुवातीला ‘तू’ असलेली व्यक्ती मध्येच ‘ती’ होते, हा दोषही याच वाचनात सापडतो.

नवोदितांच्या खर्ड्यात भावनेचे नाव असते, पण भावना दिसत नाही. ‘तुझ्या आठवणीत मन माझे रडते’ ही ओळ कोणाच्याही गीतात बसेल. तिच्याऐवजी त्या व्यक्तीची एखादी कृती शोधावी. समजा, दुसऱ्या प्रयत्नात अशा ओळी आल्या:

दार अजूनी उघडे आहे
दिवा मात्र मी विझवून ठेवला

चित्र मिळाले, पण गाताना दुसरी ओळ सांडते. येथे मात्रा, म्हणजे अक्षराच्या उच्चाराला लागणाऱ्या वेळेची मापे, मोजाव्या लागतात. लघु (ऱ्हस्व स्वराच्या) अक्षराची 1 आणि गुरू (दीर्घ स्वराच्या) अक्षराची 2 मात्रा धरतात. जोडाक्षराच्या आधीच्या लघु अक्षरावर आघात येत असेल, तर ते गुरू होते. म्हणून ‘सत्य’ शब्दाच्या 3 मात्रा होतात; ‘तुझ्या’ शब्दाच्याही 3 होतात, पण तेथे ‘तु’ लघुच राहतो. या हिशेबाने पहिली ओळ 16 मात्रांची आहे आणि 8 मात्रांच्या केरवा तालाच्या दोन आवर्तनांत (फेऱ्यांत) ती सहज बसू शकते, तर दुसरी 18 मात्रांची आहे. ‘दिवा मात्र मी विझवुन बसले’ असे केले की 16 मात्रा होतात, शिवाय अंधारात बसलेली ती बाईही दिसू लागते. ‘विझवून’चे ‘विझवुन’ करण्याची सवलत पद्यात चालते, पण दर ओळीत ती घ्यावी लागत असेल, तर ओळच नव्याने बांधावी.

मात्रा जुळल्या तरी काम संपत नाही. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, ‘आणि’ किंवा ‘तर’ यांसारखा दुबळा शब्द येत असेल, तर शब्दक्रम बदलून तेथे अर्थवाही शब्द आणावा. गायक श्वास कुठे घेईल, हेही पाहावे. ‘जाऊ नको, थांब’ या ओळीत श्वास ‘जाऊ’नंतर पडला, तर अर्थ उलटतो. लांबवायच्या सुरावर आ, ए, ओ असे मोकळे स्वर ठेवावेत, कारण ‘क’ किंवा ‘ट’ या व्यंजनांवर सूर टिकत नाही.

यमकाची परीक्षा सोपी आहे: केवळ अर्थ सांगायचा असता, तर हाच शब्द वापरला असता का? ‘येते, जाते, होते’ अशी क्रियापदांची यमके फुकट मिळतात आणि तशीच ऐकू येतात. माझ्या मते ओढूनताणून आणलेल्या यमकापेक्षा नुसते स्वरसाम्य, म्हणजे व्यंजने वेगळी असूनही जुळणारे स्वर, बरे. ‘मजला’, ‘तव’ हे शब्द बोलभाषेतल्या गीतात मात्रा भरण्यासाठी आणले की भाषेचा पोत फाटतो. ‘रे’ आणि ‘गं’ यांची भरतीही तशीच तपासावी.

प्रत्येक फेरीत एकच गोष्ट पाहावी आणि जुना खर्डा खोडून न टाकता जपून ठेवावा, कारण कधी कधी पहिलीच ओळ बरी ठरते. शेवटी गीत चाल न सांगता दुसऱ्याला वाचायला द्यावे आणि तो जेथे अडखळेल तेथे खुलासा न करता फक्त खूण करावी. नंतरचे बदल ओळ सुधारण्याऐवजी ती नुसतीच वेगळी करू लागले, की हात थांबवावा.