डावखुऱ्या नेमबाजाचे पिस्तूल: दोनांतून एक निवडताना

दहा मीटर एअर पिस्तूल प्रकारात क्लबच्या पिस्तुलावर काही महिने सराव झाला की स्वतःचे पिस्तूल घेण्याचा विषय निघतो आणि शोध बहुधा दोन नावांवर येऊन थांबतो. बालेवाडी असो वा वरळी, आपल्याकडच्या रेंजवर ऑस्ट्रियाचे स्टायर एलपी 10 आणि स्वित्झर्लंडचे मोरिनी सीएम 162 ईआय ही दोन्ही पिस्तुले पाहायला मिळतात, म्हणून उदाहरणादाखल त्यांचीच जोडी घेतो. उजव्या हाताच्या नेमबाजाने यांतले कोणतेही उचलले तरी त्याचे फारसे बिघडत नाही. डावखुऱ्याला मात्र निवडीची सुरुवात नळीपासून किंवा ट्रिगरपासून करून चालत नाही. ती मुठीपासून, म्हणजे रेंजवरच्या भाषेत ग्रिपपासून, करावी लागते. मी स्वतः डावखुरा आहे आणि पहिल्या खरेदीत नेमका हाच क्रम उलटा धरला होता.

या पिस्तुलांची लाकडी ग्रिप हाताच्या आकाराबरहुकूम कोरलेली असते. अंगठ्याची खाच, तळव्यात भरणारा फुगवटा आणि मनगटालगत हाताला टेकू देणारी खालची फळी हे सगळे एकाच हातासाठी घडवलेले असते, त्यामुळे उजवी ग्रिप डाव्या हातात नीट धरताच येत नाही. अंगठ्याची जागा बोटांखाली जाते आणि फळी नको त्या बाजूला बाहेर येते. दिलासा इतकाच की उरलेले पिस्तूल दोन्ही हातांना जवळपास सारखे असते आणि वर उल्लेखलेल्या दोन्ही पिस्तुलांना डावी ग्रिप मिळते. तेव्हा विक्रेत्याला पहिला प्रश्न किमतीचा नव्हे, तर असा विचारावा, की या मॉडेलची डावी ग्रिप माझ्या मापात तुमच्याकडे आत्ता आहे का, की ती मागवावी लागेल? माझ्या वेळी एका विक्रेत्याने लहान मापाची डावी ग्रिप शिल्लक नाही म्हणून मध्यम मापाची गळ्यात मारली आणि पुढचा अख्खा हंगाम मी ती पुट्टीने भरण्यात आणि कानशीने घासण्यात घालवला. एका कंपनीचे मध्यम माप दुसऱ्या कंपनीच्या मध्यम मापाशी जुळेलच असे नसते, हेही तेव्हाच कळले. विक्रेता परगावचा असेल तर डावा तळवा कागदावर ठेवून पेन्सिलीने त्याची बाह्यरेषा काढावी आणि तो कागद पाठवावा. फोनवर बोटांची लांबी सांगण्यापेक्षा हे कितीतरी भरवशाचे आहे.

दोन्ही पिस्तुले हातात घेता येणार असतील तर पुढची परीक्षा अगदी साधी आहे, पण ती घाईने करू नये. पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून, नळीचे तोंड लक्ष्याकडेच ठेवून, नेहमीच्या पवित्र्यात उभे राहावे. उजव्या हाताने पिस्तूल डाव्या मुठीत खोलवर बसवावे आणि मधले बोट ट्रिगरगार्डच्या खालच्या कडेला घट्ट भिडते का ते पाहावे. तिथे फट राहत असेल तर ग्रिप मोठी आहे किंवा तिचा वरचा भाग हाताला जुळत नाही. मग डोळे मिटून हात उचलावा, दोन श्वास थांबावे आणि डोळे उघडावे. पुढची साइट, म्हणजे नळीच्या टोकाची नेम धरण्याची खूण, मागच्या साइटच्या खाचेत मधोमध दिसली तर ग्रिप आपली. हे दहा वेळा करावे. ती प्रत्येक वेळी एकाच बाजूला सरकलेली दिसली तर मनगट ग्रिपच्या मर्जीने वळत आहे असे समजावे. कधी डावीकडे, कधी उजवीकडे दिसली तर दोष पिस्तुलाचा नसून पकडीचा आहे. एकाच बाजूचा दोष ग्रिपचा कोन बदलणाऱ्या स्क्रूने किंवा थोड्या पुट्टीने निघू शकतो. तरीही दोन पिस्तुलांपैकी जे काहीही न करता खाचेच्या जवळ येते, त्याच्या बाजूने माझा कौल राहील, कारण पुट्टीची ग्रिप सुधारता सुधारता बिघडत जाते.

ही परीक्षा करण्याआधी आपला प्रबळ डोळा कोणता ते माहीत असावे. डावखुऱ्यांपैकी अनेकांचा उजवा डोळा प्रबळ असतो. दोन्ही तळव्यांच्या मधल्या लहानशा फटीतून दूरची वस्तू पाहावी आणि एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याने वस्तू फटीतच राहते तो प्रबळ. डावा हात आणि उजवा डोळा अशी जोडी असली की नेम धरताना मान अधिक वळते आणि त्याबरोबर मनगटाचा कोनही थोडा बदलतो, म्हणून डोळे मिटण्यापूर्वी मान स्पर्धेत असते तशीच वळवलेली हवी. न वापरायच्या डोळ्यापुढे पट्टी लावता येते. नियमानुसार तिची रुंदी 30 मिमीपेक्षा अधिक नसावी.

ट्रिगरचा विचार यानंतर. स्टायर एलपी 10 चा ट्रिगर यांत्रिक आहे, तर मोरिनी 162 ईआयचा इलेक्ट्रॉनिक. यांवर रेंजवर तासन्‌तास वाद होतात, पण नव्या नेमबाजासाठी ट्रिगरच्या जातीपेक्षा त्याचे अंतर महत्त्वाचे: तर्जनीच्या पहिल्या पेराचा मांसल भाग ट्रिगरवर सरळ मागे दाब देतो का, आणि त्या वेळी बोटाचा उरलेला भाग लाकडाला घासत तर नाही ना? ट्रिगर पुढे-मागे सरकवता येतो. दोन्ही टोकांना नेऊन पाहावा. त्याने किमान 500 ग्रॅम वजन पेलले पाहिजे, हा नियम दोन्हींना सारखाच लागू आहे. यंत्र कोणतेही असले तरी बिघडू शकते. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला आणि दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली. म्हणून जवळपास दुरुस्ती जाणणारा कोण आहे, हेही निवडीच्या वेळी मोजावे.

छर्रे झाडून पाहण्याची संधी मिळाली तर काळे वर्तुळ नसलेल्या कोऱ्या कागदावर, एकाच डबीतले छर्रे वापरून, दोन्ही पिस्तुलांनी वीस-वीस फैरी झाडाव्यात. शक्य असल्यास हे सरावाच्या शेवटी, हात थकल्यावर करावे, कारण सामन्यात 60 फैरी 75 मिनिटांत झाडायच्या असतात आणि ग्रिपचे दोष चाळिसाव्या फैरीनंतर डोके वर काढतात. इथे एक सावधगिरी हवी. छर्रा कुठे गेला यावरून चूक ओळखण्याचे बरेचसे तक्ते उजव्या हातासाठी काढलेले असतात. ट्रिगरला झटका बसला की उजव्या हाताच्या नेमबाजाचे छर्रे सहसा खाली डावीकडे जातात, आपले खाली उजवीकडे. प्रशिक्षक सवयीने उजव्या हाताचेच निदान सांगू लागले तर त्यांना अदबीने आठवण करून द्यावी.

छर्रा भरण्याची पद्धतही दोन्ही पिस्तुलांवर आरशात पाहिल्यासारखी करून पाहावी. पिस्तूल डाव्या हातात, नळी लक्ष्याकडे, आणि लीव्हर उघडणे, छर्रा ठेवणे व लीव्हर बंद करणे हे सगळे उजव्या हाताने. ज्या पिस्तुलात हे करताना मनगट मुरडावे लागते किंवा पकड सोडून पुन्हा बसवावी लागते, ते साठ वेळा तसेच करायला लावणार. शेजारचा नेमबाज आपल्याकडे तोंड करून उभा असतो, याची सवय मात्र पिस्तूल बदलून होत नाही; ती हळूहळूच होते.

जुने पिस्तूल घेत असाल तर उजव्या ग्रिपचे घेऊन वर डावी ग्रिप मागवणे हा व्यवहार पुष्कळदा स्वस्त पडतो, मात्र त्याच मॉडेलची डावी ग्रिप मिळते याची खात्री पैसे देण्यापूर्वी करावी. मूळ उजवी ग्रिप सोबत मागून घ्यावी आणि जपून ठेवावी, कारण पुढे विकताना गिऱ्हाईक बहुधा उजव्या हाताचेच येईल. हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाचायला विसरू नये; त्याची मुदत दहा वर्षांची असते आणि ती तपासण्याची जबाबदारी नेमबाजाची असते. शेवटी ग्रिप जोडलेले पिस्तूल 420 × 200 × 50 मिमीच्या मापनपेटीत, म्हणजे स्पर्धेच्या नियमानुसार ते ज्यात मावलेच पाहिजे त्या पेटीत, घालून पाहावे. पुट्टीने जाड केलेली ग्रिप नेमकी त्या 50 मिमीत अडते, आणि हे उपकरण-तपासणीच्या टेबलावर कळण्यापेक्षा घरी कळलेले बरे.