कव्हराखालचा एअर फिल्टर घरीच बदला

बॉनेटखालचं काळं प्लास्टिकचं कव्हर बऱ्याच गाड्यांत रबरी बुशांवर नुसतं दाबून बसवलेलं असतं. इंजिन गार झाल्यावर एकेक कोपरा सरळ वर उचला. तिरकं ओढलं तर खुंटी तुटते. फिल्टरच्या डब्याला क्लिपा किंवा स्क्रू असतात; ते सोडवून जुना फिल्टर बाहेर काढा. तळातली धूळ ओलसर फडक्याने पुसा. हवेने फुंकू नका, धूळ हवा मोजणाऱ्या सेन्सरकडे जाते. नव्या फिल्टरची रबरी कड खाचेत चौफेर बसलीच पाहिजे. इथेच घाई नडते, कारण फटीतून शिरलेली धूळ सिलिंडर घासते. हिंजवडीच्या धुळीतून रोज जाणाऱ्यांनी दर 5,000 किलोमीटरला डबा उघडून बघावाच. इंजिनाच्या खालचं कवच काढून ऑइलही बदलायचं असेल, तर नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली अजिबात शिरू नका; स्टँड लावा.