‘माझा फोटो चांगला येत नाही’ म्हणणाऱ्यांचे पोर्ट्रेट काढताना

पोर्ट्रेटचं काम सुरू केलं की एक वाक्य सतत कानावर पडतं: “माझा फोटो चांगला येत नाही.” तरुण म्हणतात, निवृत्त झालेले म्हणतात, भरल्या सभागृहात बिनधास्त बोलणारेही म्हणतात. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांशी मी कॅमेऱ्याआधी याच वाक्याबद्दल बोलते. समोरच्याने आत्मविश्वास घरून घेऊन यावा, ही अपेक्षाच चुकीची आहे. तो जागेवर तयार करणं हे आपलं काम आहे.

या तक्रारीमागे खरी कारणं असतात. माणूस स्वतःला रोज आरशात पाहतो, म्हणजे डावं-उजवं उलटलेलं. कुणाचाच चेहरा दोन्ही बाजूंनी अगदी सारखा नसतो, त्यामुळे फोटोतला चेहरा त्याला जरा परका वाटतो. १९७७ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात लोकांनी स्वतःचा आरशासारखा उलटा फोटो पसंत केला होता, तर त्यांच्या जवळच्यांनी सरळ फोटो. दुसरं कारण सेल्फी. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक मोठं दिसतं आणि कान मागे पडतात, कारण इतक्या जवळून नाक आणि कान यांच्या अंतरातला फरक फार ठळक होतो. दीड-दोन मीटर मागे सरकलात की चेहरा नेहमीसारखा दिसू लागतो. ८५ मिमीची लेन्स पोर्ट्रेटसाठी वापरतात ती बरीचशी यासाठीच. तिच्यामुळे चेहरा चौकटीत भरूनही अंतर राखता येतं. एवढं दोन मिनिटांत समजावून सांगितलं, तरी समोरच्याचे खांदे खाली येतात. दोष आपल्या चेहऱ्यात नव्हता, हे त्याला पटलेलं असतं.

तांत्रिक बाजू लवकर जमते. खिडकीचा मऊ प्रकाश बाजूने घ्या, फोकस जवळच्या डोळ्यावर ठेवा, डोळ्यांत प्रकाशाचा ठिपका दिसतोय का ते बघा. सरावाने हे हातात बसतं.

बोलणं मात्र शिकावं लागतं. “रिलॅक्स व्हा” म्हटलं की माणूस हमखास आखडतो, कारण नेमकं काय करायचं हे त्याला कळत नाही. त्याऐवजी करता येण्याजोगं काहीतरी सांगा: वजन मागच्या पायावर टाका, श्वास सोडा, हनुवटी किंचित पुढे घेऊन खाली आणा. हातांना काम द्या; चष्मा, पुस्तक, खुर्चीची पाठ, काहीही चालेल. रिकाम्या हातांचं काय करावं, हे फार थोड्यांना सुचतं. “हसा” तर म्हणूच नका. ड्युशेन या फ्रेंच डॉक्टरने १८६२ सालीच दाखवलं होतं की मनापासून हसताना डोळ्याभोवतीचा स्नायूही आकुंचन पावतो, आणि तो हुकमावर सहसा हलत नाही. म्हणून मी लोकांना त्यांच्या कामाबद्दल विचारते. लहानपणी कोण व्हायचं होतं, हेही विचारते. उत्तर संपल्यावर पुढची काही सेकंदं बटणावर बोट तयार ठेवा; बोलून मोकळा झालेला चेहरा तिथे सापडतो.

सुरुवातीचे फोटो फक्त सवय होण्यासाठी असतात, ते दाखवायची घाई करू नका. स्क्रीन दाखवायचीच असेल तर तुम्हाला मनापासून आवडलेली फ्रेम दाखवा, आणि त्यात काय आवडलं ते नेमकं सांगा. “छान आलाय” एवढ्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. “इथे तुमची नजर फार स्थिर आहे” यावर बसतो. आणि वर्षातून एकदा तरी स्वतः कुणासमोर तरी पोर्ट्रेटसाठी बसा. शांतता किती जड होते हे त्या खुर्चीतच कळतं.

रिटचिंगबद्दल माझं मत ठाम आहे. आठवड्याभरात जाणारी पुटकुळी काढा. व्रण, तीळ, सुरकुत्या विचारल्याशिवाय काढू नका. न विचारता तीळ पुसणं म्हणजे ‘यात खोट होती’ असं त्या माणसाला परस्पर सांगणं.

निवडीसाठी पंधरा-वीसच फोटो द्या. दोनशे दिले तर माणूस दोनशे वेळा स्वतःत खोट शोधतो. शक्य असेल तर जवळचं कुणी सोबत बसू द्या. त्यांना हा चेहरा सरळच पाहायची सवय असते, त्यामुळे त्यांची निवड बहुतेक वेळा वेगळी निघते. अशा वेळी दोन्ही फोटो पूर्ण करून द्या.